दुसऱ्या क्रमाच्या प्रणाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या क्रमाची प्रणाली म्हणजे नेमकं काय?

जिचं पुढचं वागणं सांगायला आत्ताच्या क्षणाचे दोन आकडे लागतात, ती दुसऱ्या क्रमाची प्रणाली. एक आकडा पुरत नाही आणि तिसरा लागत नाही.

लंबक अगदी खालच्या बिंदूवर असताना त्याचा फोटो काढला असं समजा. तो डावीकडे चाललाय, उजवीकडे चाललाय की नुसता लटकलाय, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. जागा कळली, वेग कळला नाही. दोन्ही माहीत असतील आणि बाहेरून कोणतं बल लागतंय हेही माहीत असेल, तर पुढच्या कुठल्याही क्षणी तो कुठे असेल ते गणिताने काढता येतं. त्याआधी तासभर तो काय करत होता याने काही फरक पडत नाही.

या विषयाचं सगळ्यांत ओळखीचं समीकरण शब्दांत असं मांडता येतं: वस्तुमान गुणिले त्वरण, अधिक अवमंदनाचा (म्हणजे गती शमवणाऱ्या घर्षणाचा) गुणांक गुणिले वेग, अधिक स्प्रिंगचा ताठरपणा गुणिले विस्थापन, यांची बेरीज बाहेरून लावलेल्या बलाइतकी असते. त्वरण हा विस्थापनाचा दुसरा अवकलज, म्हणजे विस्थापनाच्या बदलाचा दर काढून त्याच्याही बदलाचा दर. म्हणून क्रम दुसरा.

पहिल्या क्रमाच्या प्रणालीपेक्षा ही वेगळी कशात?

पहिल्या क्रमाच्या प्रणालीत साठा एकच असतो. गरम वस्तू थंड होते, रोधातून कॅपॅसिटर रिकामा होतो, टाकीतलं पाणी तळाच्या भोकातून निघून जातं. अशी प्रणाली स्थिर मूल्याकडे जाते आणि तिथेच थांबते. ते मूल्य ओलांडून पलीकडे जाणं तिला शक्यच नाही, कारण तिथे पोचल्यावर पुढे ढकलणारं काहीच उरलेलं नसतं.

दुसऱ्या क्रमात साठे दोन असतात. स्प्रिंगमध्ये स्थितिज ऊर्जा, वस्तुमानात गतिज ऊर्जा. स्प्रिंग मोकळी होते तेव्हा वस्तुमान वेगात असतं, म्हणून ते मधला बिंदू ओलांडून जातं आणि स्प्रिंग उलट्या बाजूने ताणली जाते. या देवाणघेवाणीतून झोके येतात.

पण दोन साठे आहेत म्हणजे झोके येणारच, असं मात्र नाही. एकमेकींना नळीने जोडलेल्या दोन टाक्या ही दुसऱ्या क्रमाची प्रणाली आहे, तरी प्रवाह संथ असेल आणि पाण्याचं जडत्व नगण्य असेल तर ती कधीच हेलकावत नाही. दोन रोध आणि दोन कॅपॅसिटर यांची साखळीही तशीच. दोन्ही साठे एकाच जातीचे आहेत आणि मधल्या वाटेत ऊर्जा फक्त खर्च होते. आपोआप झोके यायला साठे दोन वेगळ्या जातीचे लागतात. पुस्तकांत हा मुद्दा बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात, पण माझ्या मते तो पहिल्याच तासाला शिकवायला हवा.

झीटा आणि ओमेगा या दोनच आकड्यांवर सगळं कसं काय चालतं?

वरच्या समीकरणाला वस्तुमानाने भागलं की तीनऐवजी दोनच स्वतंत्र गुणांक उरतात. एक नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ओमेगा. ताठरपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढलं की ती मिळते. दुसरा अवमंदन गुणोत्तर, म्हणजे झीटा. त्याला एकक नाही. प्रत्यक्षात असलेलं अवमंदन आणि झोके जेमतेम बंद व्हायला लागणारं अवमंदन यांचं ते गुणोत्तर आहे.

ओमेगा फक्त घड्याळाचा वेग ठरवतो. तो दुप्पट केला तर तोच आलेख निम्म्या वेळात उरकतो, आकार बदलत नाही. आकार ठरवतो झीटा. म्हणून नवी प्रणाली समोर आली की मी आधी झीटा विचारतो.

झीटा ० असेल तर झोके कधीच थांबत नाहीत. ० आणि १ यांच्या मध्ये असेल तर झोके येतात आणि विरत जातात. १ ला क्रांतिक अवमंदन म्हणतात, त्याच्या पुढे झोके नाहीत, नुसतं सावकाश जाणं. आणि झीटा ऋण असेल तर झोके वाढत जातात. हा प्रकार नुसता कागदावरचा नाही, तो खाली पुलांच्या प्रश्नात येईल.

अचानक नवं लक्ष्य दिलं तर प्रणाली ते किती ओलांडते, याला ओव्हरशूट म्हणतात, आणि तेही एकट्या झीटावर ठरतं. झीटा ०.१ असेल तर ओव्हरशूट सुमारे ७३ टक्के, ०.२ ला ५३ टक्के, ०.५ ला १६ टक्के, ०.७ ला ५ टक्क्यांहून थोडं कमी. लक्ष्याच्या २ टक्क्यांच्या पट्ट्यात येऊन तिथेच राहायला लागणारा वेळ अंदाजे ४ भागिले झीटा-ओमेगाचा गुणाकार. हे सूत्र कमी झीटासाठी आहे, १ च्या जवळ गेल्यावर त्यावर विसंबू नये.

क्रांतिक अवमंदन सर्वोत्तम म्हणतात. मग इंजिनिअर ०.७ का निवडतात?

कारण क्रांतिक अवमंदन एका विशिष्ट अर्थानेच सर्वोत्तम आहे: लक्ष्य अजिबात न ओलांडता लवकरात लवकर पोचायचं असेल तर. थोडं ओलांडलेलं चालणार असेल, तर ०.७ बराच पुढे निघतो. ५ टक्क्यांचा पट्टा धरा. नैसर्गिक वारंवारता १ रेडियन प्रति सेकंद असताना झीटा १ ची प्रणाली त्या पट्ट्यात यायला सुमारे ४.७ सेकंद घेते. ०.७ ची प्रणाली २.९ सेकंदांत येते, आणि तिचं ओव्हरशूट ४.६ टक्के असल्यामुळे ती पट्ट्याबाहेर जातही नाही.

दुसरं कारण मापनातलं. झीटा ०.७०७ च्या खाली गेला की वारंवारतेच्या आलेखावर अनुनादाचा (एका वारंवारतेजवळ प्रतिसाद फुगण्याचा) उंचवटा दिसू लागतो, वर असेल तर दिसत नाही. ०.७०७ ला तो आलेख जास्तीत जास्त लांबपर्यंत सपाट राहतो, म्हणजे उपकरण वेगवेगळ्या वारंवारतांना सारखाच न्याय देतं.

अवमंदन वाढवलं की प्रणाली लवकर शांत होते, असा समज खूप पसरलेला आहे. तो फार तर १ पर्यंतच खरा आहे. झीटा २ केला तर प्रणालीचे दोन घातांक, म्हणजे तिचे दोन भाग विरण्याचे दर, ०.२७ आणि ३.७३ होतात. क्रांतिक अवस्थेत दोन्ही १ होते. वेगवान भाग आणखी वेगवान झाला, पण शेवटी वाट पाहावी लागते ती मंद भागाची, आणि तो जवळजवळ चौपट मंद झाला. दार आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचा स्क्रू जास्त आवळला की शेवटची वीतभर फट मिटायला दार किती वेळ लावतं, ते पाहिलं असेल तर हा आकडा लगेच पटेल.

अनुनाद म्हणजे पूल पाडणारी गोष्ट, बरोबर?

अनुनाद म्हणजे बाहेरच्या बलाची वारंवारता प्रणालीच्या नैसर्गिक वारंवारतेजवळ आल्यावर प्रतिसाद खूप वाढणं. किती वाढतो? झीटा कमी असेल तर १ ला झीटाच्या दुपटीने भागून जे येईल, साधारण तेवढा पट. झीटा ०.०१ म्हणजे स्थिर बलाच्या ५० पट विस्थापन. रेडिओ इंजिनिअर याच आकड्याला क्यू म्हणतात आणि तो जास्त असावा म्हणून धडपडतात. इमारत बांधणारे तोच कमी असावा म्हणून धडपडतात.

पुलांच्या बाबतीत मात्र थोडं थांबायला हवं. अमेरिकेतला टाकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात कोसळला. कित्येक पाठ्यपुस्तकांत तो अनुनादाचं उदाहरण म्हणून येतो. पण वारा ठरावीक तालात पुलाला धक्के देत नव्हता. पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारता पुलाच्या पिळण्याच्या वारंवारतेशी जुळत नव्हती. पूल पिळला की वाऱ्याचं बल बदलत होतं आणि ते बदललेलं बल त्याला आणखी पिळत होतं. म्हणजे वारा पुलाच्या गतीतूनच ऊर्जा पुरवत होता. एकूण अवमंदन ऋण झालं होतं. याला फ्लटर म्हणतात आणि विमानाच्या पंखांनाही त्याचाच धोका असतो.

हा फरक नुसता शाब्दिक नाही, कारण उपाय वेगळे आहेत. अनुनाद असेल तर वारंवारता हलवून सुटका होते. ऋण अवमंदन असेल तर कुठल्याही एका वारंवारतेपासून पळून उपयोग नाही. पुलाचा आकार बदलावा लागतो किंवा अवमंदन वाढवावं लागतं.

लंडनचा मिलेनियम पूल दुसऱ्या वाटेने गेला, आणि तिथे कोणाचा जीव गेला नाही. १० जून २००० रोजी तो उघडला आणि चालणाऱ्यांच्या गर्दीत आडवा डोलू लागला, म्हणून दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल डोलला की माणसं तोल सावरायला पाय फाकवून टाकतात आणि त्यातून पुलाला आणखी ऊर्जा मिळते. ठरावीक संख्येपर्यंत पुलाचं स्वतःचं अवमंदन ती खाऊन टाकतं, त्या संख्येपलीकडे झोके वाढू लागतात. उपाय म्हणून ३७ द्रव-डॅम्पर आणि पन्नासहून अधिक ट्यून्ड मास डॅम्पर बसवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा सुरू झाला. ट्यून्ड मास डॅम्पर म्हणजे पुलाच्या तालाशी जुळवून बसवलेलं झुलतं वस्तुमान, ही स्वतःच एक दुसऱ्या क्रमाची प्रणाली. तैपेई १०१ या इमारतीत वरच्या मजल्यांवर असाच सुमारे ६६० टनांचा गोळा लटकवलेला आहे.

विजेच्या सर्किटला वस्तुमान कुठे असतं?

कॉइलमध्ये. कॉइल विद्युतधारेतला बदल रोखते, जसं वस्तुमान वेगातला बदल रोखतं. कॅपॅसिटर ही स्प्रिंग, रोध हे घर्षण. समीकरण अक्षरशः तेच, फक्त नावं वेगळी. १ मिलीहेन्रीची कॉइल आणि १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एकापाठोपाठ जोडले तर नैसर्गिक वारंवारता सुमारे ५,०३० हर्ट्झ येते, आणि त्यातले झोके पूर्ण घालवायला सुमारे ६३ ओहमचा रोध लागतो.

अॅनालॉग कॉम्प्युटर याच साम्यावर उभे होते. गाडीचं सस्पेन्शन किंवा विमानाचं उड्डाण तपासायचं असेल तर आधी त्याचं सर्किट जोडायचे आणि ऑसिलोस्कोपवर झोके पाहायचे.

निसर्गात तिसऱ्या-चौथ्या क्रमाचे मूलभूत नियम का दिसत नाहीत?

या यादीतला मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच. न्यूटनने १६८७ मध्ये बलाचा संबंध त्वरणाशी जोडला आणि तेव्हापासून मूलभूत नियम दुसऱ्या क्रमावरच येऊन थांबतात. तरंगांचं समीकरण, विद्युतचुंबकीय क्षेत्र, अगदी गुरुत्वाकर्षणाची आइन्स्टाइनची समीकरणंही दुसऱ्या अवकलजापुढे जात नाहीत.

यामागचं एक भक्कम कारण गणितज्ञ मिखाइल ओस्त्रोग्रादस्की यांनी १८५० मध्ये दाखवलं. ज्या सूत्रातून गतीचे नियम निघतात त्यात वेगाच्या पुढचे अवकलज घातले, तर काही अपवाद सोडता ऊर्जेला खालची मर्यादाच राहत नाही. प्रणालीचा एक भाग कितीही ऋण ऊर्जेत उतरू शकतो आणि त्या बदल्यात दुसरा भाग कितीही ऊर्जा मिळवू शकतो. अशा जगात काहीच स्थिर राहणार नाही. आजही गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत कोणी मांडला की त्याला आधी ही कसोटी लावून पाहतात.

तुळईच्या वाकण्याचं समीकरण जागेच्या संदर्भात चौथ्या क्रमाचं असतं, हे खरं. पण वेळेच्या संदर्भात तेही दुसऱ्याच क्रमाचं आहे.

माझी प्रणाली पहिल्या क्रमाची आहे, तरी कंट्रोलर लावल्यावर ती झुलते. असं का?

कारण कंट्रोलरने दुसरी स्मृती, म्हणजे वरच्या भाषेत दुसरा साठा, आणली. हीटर घ्या. त्याचं तापमान ही एक स्मृती. त्याला इंटिग्रल कंट्रोल लावलात की आजवरच्या चुकीची बेरीज ही दुसरी स्मृती झाली. तापमान लक्ष्यावर पोचतं तेव्हा चूक शून्य असते, पण साचलेली बेरीज शून्य नसते. ती हीटर चालूच ठेवते आणि तापमान पुढे निघून जातं. वस्तुमानाचा वेग जे काम करतो तेच इथे ही बेरीज करते.

नुसतं इंटिग्रल असेल तर गणित अगदी सुटसुटीत आहे. गेन, म्हणजे त्या बेरजेला ज्या आकड्याने गुणतात तो, चौपट केला तर ओमेगा दुप्पट होतो आणि झीटा निम्मा. म्हणजे प्रतिसाद जितका चपळ करावा तितके झोके वाढतात. यातून सुटायला प्रपोर्शनल, म्हणजे आत्ताच्या चुकीच्या प्रमाणात चालणारा, भाग जोडावा लागतो, तो झीटा वर उचलतो.

हे दुखणं जुनं आहे. वाफेच्या इंजिनांचा वेग राखणारे गव्हर्नर कधी शांत राहतात आणि कधी पिसाळतात, याचं गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये केलं. स्थिरता समीकरणाच्या मुळांवर ठरते, हे त्याने त्यात मांडलं, आणि कंट्रोल इंजिनिअरिंगची सुरुवात बरेच जण तिथूनच मानतात.

मापनाच्या उपकरणांत हे कुठे दिसतं?

जवळपास सगळीकडे. फोनमधला अॅक्सेलरोमीटर म्हणजे सिलिकॉनमध्ये कोरलेलं इवलंसं वस्तुमान आणि सिलिकॉनच्याच स्प्रिंगा. तो आपल्या नैसर्गिक वारंवारतेच्या बराच खाली वापरतात. तिथे वस्तुमानाचं सरकणं त्वरणाच्या प्रमाणात असतं. जुन्या पद्धतीचा भूकंपमापक उलट टोकाला, नैसर्गिक वारंवारतेच्या वर वापरतात: जमीन हलते, जड वस्तुमान जागच्या जागी राहतं, आणि दोघांतलं अंतर म्हणजे जमिनीचं विस्थापन. समीकरण एकच, फक्त आलेखाच्या वेगवेगळ्या टोकांना उभं राहायचं.

अतिदक्षता विभागातलं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रुग्णाच्या धमनीत सुई घालून सलाइनने भरलेल्या नळीतून रक्तदाब सेन्सरपर्यंत आणतात. नळीतलं पाणी हे वस्तुमान, नळीची आणि सेन्सरच्या पडद्याची लवचीकता ही स्प्रिंग. झीटा फार कमी असेल तर मॉनिटरवर वरचा दाब खऱ्यापेक्षा जास्त आणि खालचा कमी दिसतो. नळीत हवेचा बुडबुडा किंवा रक्ताची गुठळी असेल तर लहर चपटी होते आणि वरचा दाब कमी दिसतो. दोन्ही वेळा सरासरी दाब बहुतेक ठीकच राहतो, म्हणून शंका असेल तेव्हा तो पाहावा. तपासणीची रीतही सुंदर आहे: सलाइनच्या पिशवीचा जास्तीचा दाब क्षणभर नळीत सोडायचा, झटकन बंद करायचा आणि मॉनिटरवर किती झोके येतात ते पाहायचं. एक-दोन झोक्यांत रेषा मूळ लहरीवर आली तर नळी ठीक. झोके येतच राहिले तर झीटा कमी, आणि एकही झोका न येता रेषा रेंगाळत खाली आली तर जास्त. यंत्राला एक धक्का देऊन त्याच्याकडूनच झीटा वदवून घेतला, असंच हे आहे.

सजीवांमध्ये?

आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका हे अतिअवमंदित प्रणालीचं उत्तम उदाहरण. डोकं वळलं की नलिकेतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि कुपुला नावाचा लवचीक पडदा वाकवतो. नलिका इतक्या बारीक आहेत की द्रवाचं घर्षण जडत्वावर आणि पडद्याच्या ताठरपणावर सहज मात करतं. एक कालांक (प्रतिसाद विरायला लागणाऱ्या वेळेचं माप) काही मिलिसेकंदांचा, दुसरा काही सेकंदांचा. त्या दोहोंमधल्या पट्ट्यात पडद्याचं वाकणं डोक्याच्या फिरण्याच्या वेगाच्या प्रमाणात राहतं. म्हणजे त्वरणावरून वेग काढायचं एक इंटिग्रेशन शरीराने फुकटात करून घेतलं. स्वतःभोवती बराच वेळ गिरक्या घेऊन थांबल्यावरही जग फिरत राहतं, ते पडदा सावकाश परतत असल्यामुळे.

लोटका-वोल्टेरा मॉडेलमध्ये दुसरा अवकलज नाही, तरी त्याला दुसऱ्या क्रमाचं का म्हणतात?

कारण भक्ष्य आणि भक्षक प्राण्यांच्या संख्या कशा बदलतात ते सांगणाऱ्या या मॉडेलला दोन आकडे लागतात: भक्ष्य किती, भक्षक किती. लोटका यांनी १९२५ मध्ये आणि वोल्टेरा यांनी १९२६ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या या मॉडेलमध्ये पहिल्या क्रमाची दोन समीकरणं एकमेकांत गुंतलेली आहेत. दुसऱ्या क्रमाचं एक समीकरण आणि पहिल्या क्रमाची गुंतलेली दोन, यांत तत्त्वतः फरक नाही. लंबकाचं समीकरणही वेगाला वेगळं नाव दिलं की असंच दोन ओळींत फुटतं, आणि कॉम्प्युटरला ते तसंच द्यावं लागतं.

कोडमध्ये साधी स्प्रिंग लिहिली, तर ती उडून जाते. चूक कुठे?

बहुधा ऑयलरच्या साध्या पद्धतीत. जुन्या वेगाने नवी जागा आणि जुन्या जागेने नवा वेग काढला की अवमंदन नसलेल्या स्प्रिंगची ऊर्जा प्रत्येक पावलाला थोडी वाढते. पाऊल म्हणजे कोड एका वेळी जेवढा वेळ पुढे सरकतो तो; ओमेगा गुणिले पाऊल ०.१ असेल तर ही वाढ १ टक्का. कमी वाटते, पण एका फेरीत सुमारे ६३ पावलं असतात, म्हणजे फेरीअखेर ऊर्जा १.८७ पट. दहा फेऱ्यांत पाचशेपटीच्या वर.

उपाय एका ओळीचा आहे. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगानेच जागा बदला. एवढ्याने ऊर्जा वाढत जाण्याऐवजी खऱ्या मूल्याभोवती किंचित वर-खाली होत राहते. ग्रहांच्या कक्षा आणि रेणूंच्या हालचाली मोजणारे प्रोग्राम याच कुळातल्या पद्धती वापरतात. फक्त पाऊल फार मोठं घेऊ नका: ओमेगा गुणिले पाऊल २ च्या वर गेलं की हीसुद्धा फुटते.

वेळ अखंड नसून टप्प्याटप्प्याने जात असेल तर?

मग अवकलजाच्या जागी मागच्या दोन पदांवर चालणारा नियम येतो. पुढचं पद म्हणजे आत्ताचं अधिक मागचं, हा नियम घ्या: ०, १, १, २, ३, ५, ८. वाढत जाते, आणि लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर १.६१८ कडे जातं. आता एकच चिन्ह बदला, पुढचं पद म्हणजे आत्ताचं वजा मागचं: ०, १, १, ०, −१, −१, ०, १. दर सहा पावलांनी तेच. एका चिन्हाने वाढीचं झोक्यात रूपांतर केलं. हा दुसरा क्रम म्हणजे प्रत्यक्षात ६० अंशांच्या पावलांची साइन लहर आहे, आणि योग्य गुणांक घेतला तर कुठल्याही वारंवारतेची साइन लहर पावलागणिक एक गुणाकार आणि एक वजाबाकी एवढ्यावर निघते.

ध्वनीच्या सॉफ्टवेअरमधल्या इक्वलायझरचा प्रत्येक पट्टा बहुधा बायक्वॉड असतो, म्हणजे दुसऱ्या क्रमाचा फिल्टर, पाच गुणांकांचा. आठव्या क्रमाचा फिल्टर हवा असेल तर तो एकसंध न लिहिता चार बायक्वॉडची साखळी करतात, कारण मोठ्या बहुपदीच्या गुणांकात शेवटच्या अंकाची चूकही मुळांना भलतीकडे ढकलू शकते.

मशीन लर्निंगमध्ये ‘सेकंड ऑर्डर’ म्हणतात ते हेच का?

नाही. तिथे सेकंड ऑर्डर पद्धत म्हणजे मॉडेलची चूक कमीत कमी करताना चुकीच्या आलेखाच्या उतारासोबत वक्रताही वापरणारी पद्धत. न्यूटनची पद्धत वर्गाच्या स्वरूपाच्या फलनाचा तळ एका उडीत गाठते. पण त्यासाठी गुणांकांच्या प्रत्येक जोडीची वक्रता नोंदवणारं हेशियन नावाचं कोष्टक लागतं. १० लाख गुणांक असतील तर त्यात १ लाख कोटी नोंदी, प्रत्येकी ४ बाइट धरले तर ४ टेराबाइट. म्हणून बीएफजीएससारख्या पद्धती वक्रतेचा अंदाज बांधत जातात. शिवाय वक्रता ऋण असेल तिथे न्यूटनची पद्धत तळाऐवजी खिंडीसारख्या बिंदूकडे खेचली जाते, हेही लक्षात ठेवावं.

गंमत अशी की या पानावरच्या अर्थाने दुसऱ्या क्रमाची असलेली पद्धत वेगळीच आहे, आणि मशीन लर्निंगमध्ये ती ‘फर्स्ट ऑर्डर’ गटात मोडते: मोमेंटम. बोरिस पोल्याक यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गुणांकांना जागेबरोबर वेगही असतो. ०.९ हा नेहमीचा मोमेंटम गुणांक म्हणजे घर्षण किती ठेवायचं त्याचा आकडा. लॉसचा, म्हणजे चुकीच्या मापाचा, आलेख झोके घेत खाली येताना दिसला तर झीटा कमी आहे असं समजा. फायदाही मोठा आहे: दरी एका दिशेला दुसरीपेक्षा १०,००० पट तीव्र असेल तर साध्या उताराला लागणारी पावलं त्या १०,००० च्या प्रमाणात असतात, नीट बसवलेल्या मोमेंटमला त्याच्या वर्गमुळाच्या, म्हणजे १०० च्या.

आणि दुसऱ्या क्रमाची मार्कोव्ह साखळी?

मार्कोव्ह साखळीत पुढची पायरी मागच्या ठरावीक पायऱ्यांवरून संभाव्यतेने ठरते, आणि इथे अर्थ जुळतो. पुढचं अक्षर ठरवायला मागची दोन अक्षरं लागतात. माहिती सिद्धांताचा जनक शॅननने १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजी अक्षरांच्या अशा साखळ्या बनवून दाखवल्या. २६ अक्षरं आणि मोकळी जागा धरली तर जोड्या ७२९ होतात, आणि प्रत्येक जोडीला एक अवस्था मानलं की तीच साखळी पहिल्या क्रमाची होते. लंबकाच्या जागेला वेग जोडून दोन ओळी केल्या, तीच युक्ती.

रासायनिक अभिक्रियेचा दुसरा क्रम?

त्याचा झोक्यांशी संबंध नाही. तिथे वेग संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. नायट्रोजन डायऑक्साइडचं उष्णतेने होणारं विघटन हे नेहमीचं उदाहरण. स्मृती एकच, संहती. ओळखायची खूण म्हणजे अर्धायुष्य सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून असतं: संहती निम्मी, तर अर्धायुष्य दुप्पट. संख्यात्मक पद्धतीचा दुसरा क्रमही असाच वेगळा. पाऊल निम्मं केलं की चूक चौथाई होते, एवढंच तो सांगतो.

खरी यंत्रं तर बऱ्याच वरच्या क्रमाची असतात. त्यांना दुसऱ्या क्रमाचं मानलेलं चालतं का?

बहुतेक वेळा चालतं. वरच्या क्रमाची रेषीय प्रणाली ही पहिल्या आणि दुसऱ्या क्रमाच्या तुकड्यांचीच बनलेली असते. त्यातले वेगाने विरणारे भाग लवकर संपतात आणि मंद जोडी उरते. बाकीचे भाग या जोडीच्या निदान पाचपट वेगाने विरत असतील तर ते सोडून देतात. दोन ठिकाणी मात्र हे मुळीच करू नये: प्रणालीत शुद्ध विलंब असेल तर, किंवा ती लक्ष्याकडे जाण्याआधी उलट दिशेला सरकत असेल तर. अशा वेळी दुसऱ्या क्रमाच्या मॉडेलवर बसवलेला कंट्रोलर खऱ्या यंत्रावर अस्थिर होऊ शकतो.

नोंदलेल्या आलेखावरून झीटा कसा काढायचा?

प्रणालीला धक्का द्या, सोडून द्या आणि झोक्यांची शिखरं मोजा. पहिलं शिखर १० एकक आणि त्यानंतर पाच फेऱ्यांनी आलेलं २ एकक आहे असं समजा. गुणोत्तर ५, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम १.६०९, फेऱ्यांच्या संख्येने भागला की ०.३२२. त्याला २π ने, म्हणजे ६.२८३ ने भागा: झीटा सुमारे ०.०५१. लागोपाठची दोन शिखरं घेण्यापेक्षा मधल्या चार-पाच फेऱ्या सोडून घेतलेली बरी, मोजण्यातली चूक वाटली जाते. झीटा ०.३ च्या पुढे असेल तर ही शेवटची सोपी पायरी पुरत नाही, पूर्ण सूत्र लावावं.

आकडा लिहिण्याआधी सगळ्या शिखरांचे लॉगरिदम फेऱ्यांच्या क्रमाने कागदावर मांडून पाहा. ते सरळ रेषेत आले तर अवमंदन वेगाच्या प्रमाणात आहे आणि तुमचा झीटा खरा. लॉगरिदम वाकले आणि मूळ शिखरंच सरळ रेषेत उतरत असतील, तर तुमच्या यंत्रात कोरडं घर्षण आहे, आणि त्याला एकच एक झीटा नसतो: झोका मोठा असताना तो कमी भासतो, लहान होत गेला की जास्त.